घटनेविना दिवस

पिंपरी-चिंचवडला कुणी फिरायला जात नाही. नोकरीला जातात, लग्नाला जातात, फ्लॅट बघायला जातात. मी गेले ते आपणच लिहिलेल्या पुस्तिकेचं लोकांनी काय करून ठेवलंय ते बघायला. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, "कसा झाला प्रवास?" तेव्हा मला आधी राग आठवला आणि मग बाकीचं. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी मिरजेची. समाजकार्य शिकवण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर दोन मैत्रिणींच्या मदतीनं एक पुस्तिका केली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळताना कशाचा उपयोग होतो आणि कशानं नुकसान होतं, यावर जगभर जे संशोधन झालंय त्यातलं भरवशाचं तेवढं वेचून सोप्या मराठीत मांडलं. लिहिताना फार समाधान वाटलं. पण अशी पुस्तिका कुणी खरंच वापरायला घेतली की पंचाईत सुरू होते, हे तेव्हा कळलं नव्हतं. तळवड्याच्या एका डे-केअर केंद्रानं ती वापरायला घेतली होती. सकाळी केंद्राची गाडी म्हाताऱ्या माणसांना घरून आणते, संध्याकाळी परत सोडते, अशी सोय. केंद्राच्या ट्रस्टचा फोन आला की आठवडाभर येऊन बघा, आणि आमच्याकडच्या एका आजोबांबद्दल सल्ला द्या. शनिवारी विश्वस्तांची बैठक होती, त्यात त्या आजोबांचा निकाल लागायचा होता.

चऱ्होली

उतरले भाचीकडे, चऱ्होलीला. आळंदीच्या अलीकडचं हे गाव मी पूर्वी एकदा पाहिलं होतं. गाव अजून आहे, पण ते आता शोधावं लागतं. भाची मुग्धा तेराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून खाली कांद्याचं एक वावर दिसतं, त्याला पत्र्याचं कुंपण, आणि पत्र्यावर तिथं होणाऱ्या इमारतीचं चित्र. चित्रात हिरवळीवर एक गोरंगोमटं कुटुंब हसत पळतंय. पत्र्याच्या आत एक बाई डोक्याला टॉवेल बांधून खुरपत होती. तिच्या अंगणात पळायला ते कुटुंब कधी येणार, याची तिला काही घाई दिसली नाही.

तेरा मजले, दोन लिफ्ट, खाली पोहण्याचा तलाव, आणि नळाला पाणी नाही. तलावाला आहे. रविवारी रात्री टँकर आला नाही म्हणून सोमवारी मी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं होतं, हे वाचकांनी पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं.

लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मुग्धाच्या नवऱ्याला विचारलं, "काय राव, फर्स्ट का?" तो म्हणाला, "नाही, जनरल." एवढंच. आमच्याकडे मिरजेत माणूस भेटला की जेवणाची चौकशी होते. इथं शिफ्टची होते, आणि जेवलाय की झोपायचाय ते त्यावरूनच कळतं. मला हे गमतीचं वाटलं आणि मी ते तिथंच सोडून दिलं. नको होतं सोडायला.

तळवडे

केंद्र एका जुन्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आहे. बाजूला आयटी पार्कच्या काचा, समोर छोटे कारखाने, आणि दिवसभर कुठून तरी पत्रा कापल्याचा आवाज. आत गेले आणि जागीच थांबले. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले होते. खुर्ची कुठे, टेबल कुठे, पाण्याचा पिंप कुठे, सगळ्याला चौकटी आखलेल्या. भिंतीवर आमची पुस्तिका होती. म्हणजे तिचे तुकडे होते: एकेक वाक्य कापून, छापून, लॅमिनेट करून, नंबर देऊन टांगलेलं.

"बघितलंत मॅडम? सगळं व्हिज्युअल केलंय," बोरसे साहेब म्हणाले. हे केंद्राचे प्रमुख. एका मोठ्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी खात्यात होते, साहेब म्हणून निवृत्त झाले. आईला हा आजार होता, ती गेल्यावर त्यांनी हे केंद्र उभं केलं. पगार घेत नाहीत. माणूस मनापासून चांगला, आणि अशा माणसाशी भांडणं फार अवघड जातं.

दाराशीच एक मोठा फळा होता. वर लिहिलेलं, 'घटनेविना दिवस'. खाली आकडा, शून्य.

"कंपनीत अपघाताशिवाय किती दिवस गेले ते गेटवर लिहितात ना, तसं," बोरसे म्हणाले. "आपल्या पुस्तिकेत आहेच, घडलेल्या घटनांची नोंद ठेवा."

पुस्तिकेत होतं ते असं, की माणूस चिडला तर त्याच्या आधी काय घडलं, कोण होतं, काय वेळ होती हे टिपून ठेवा, म्हणजे कारण सापडतं. इथं कारण कुणी टिपत नव्हतं. फक्त शून्य करत होते.

"हा आकडा वाढतो कधी?"

"गुरुवारी एक होतो," ते कसनुसं हसत म्हणाले. "गुरुवारी अण्णा येत नाहीत. मागच्या आठवड्यात ते घरी होते तेव्हा सहापर्यंत गेला होता, परत आले तसा पुन्हा शून्य."

तेच ते आजोबा. अण्णा, पंचाहत्तरीच्या पुढचे, रुंद खांद्यांचे, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुने काळपट डाग. सकाळभर शांत बसले होते. मी नमस्कार केला तर उठून उभे राहिले, "बसा ताई" म्हणाले. जेवले, स्वतःचं ताट धुतलं. मला कळेना की या माणसाबद्दल बैठक कशाला.

कोपऱ्यात मात्र एक प्रकार होता, त्याची मला आधीच चीड यायला लागली होती. त्याचं नाव 'गावाकडच्या आठवणी'. बैलगाडीचं चित्र, कंदील, सूप, जातं, भिंतीवर मातीसारखा रंग. आम्ही लिहिलं होतं की त्या त्या माणसाच्या आयुष्यातल्या ओळखीच्या वस्तू जवळ असू द्या. आता पंचवीस माणसांची पंचवीस आयुष्यं कुठं मांडणार? म्हणून साहेबांनी सगळ्यांचं मिळून एक आयुष्य केलं आणि ते कंत्राटदाराकडून बसवून घेतलं.

तिथं गंगूआजी बसल्या होत्या, तळवड्याच्याच जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांना विचारलं, "आवडतं का इथं?" त्यांनी जात्यावर बोटानं टकटक केलं. "ह्ये पोकळ हाय," म्हणाल्या. "दळाय न्हाई, बघाय ठिवलंय."

तीनच्या सुमारास अण्णा उठले. हॉलला एक फेरी मारली, पंख्याच्या बटणांपाशी जरा थांबले, मग दाराशी जाऊन जाळी धरून बाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं वळून म्हणाले, "आला का?"

"यील की, संध्याकाळी यील," मंदाताई म्हणाल्या. या तिथल्या मदतनीस. "पोरगा यील तुमचा. बसा तुमी."

"आला का?" पुन्हा. आवाज चढला. मग जाळी वाजवायला सुरुवात. मंदाताईंनी दंडाला धरलं तर त्यांनी झटकून दिलं. घाम फुटलेला, डोळे मोठे झालेले. मी रागावलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत. हा राग नव्हता, ही भीती होती.

बोरसे साहेबांनी भिंतीवरचा चार नंबरचा कागद मला दाखवला: वाद घालू नका, लक्ष दुसरीकडे वळवा. "वळवा," त्यांनी मंदाताईंना सांगितलं. मंदाताईंनी अण्णांना गावाकडच्या आठवणींमध्ये नेलं, हातात सूप दिलं, त्यात ज्वारी घातली. अण्णांनी एकदा सुपाकडे बघितलं, एकदा मंदाताईंकडे, आणि सूप भिरकावलं. ज्वारी सगळ्या पिवळ्या चौकटींवर पसरली. साहेब फळ्यापाशी गेले, शून्य पुसलं, आणि पुन्हा शून्य लिहिलं.

"यांनी जन्मात कधी सूप धरलंय का?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"परभणीकडचे आहेत मॅडम. शेतीतलेच असणार."

"इकडे येऊन किती काळ झाला?"

"ओहो, तरुणपणीच आले. कंपनीत होते."

"कुठल्या कंपनीत? काय काम?"

"कंपनीतच," मंदाताई म्हणाल्या, आणि त्या उत्तरावर कुणालाच काही कमी वाटलं नाही. हे त्या भागाचं खास. शेतकऱ्याला आमच्याकडे विचारतात ऊस का द्राक्ष. इथं माणूस कंपनीत होता म्हटलं की विषय मिटला, कारण सगळेच कंपनीत असतात.

मंगळवारी हेच झालं. मी ज्वारीऐवजी गाणी लावून पाहिली, चहा देऊन पाहिला, बरोबर अंगणात चालून पाहिलं. पुस्तिकेतले माझे सगळे उपाय संपले आणि अण्णांनी जाळीवर हात आपटून बोटाची सालटी काढली. बोरसे साहेब अतिशय सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं संशोधन परदेशातलं. आपल्याकडे जरा वेगळं असतं."

शनिवारसाठी त्यांचे दोन पर्याय ठरलेले होते. एक, दुपारी शांत ठेवायची गोळी. दोन, अण्णांचं नाव कमी करणे. गोळी एकदा देऊन झाली होती. अण्णा झोपेत चालत मोरीत पडले, भुवईवर टाके पडले, आणि सुनेनं गोळी बंद केली. अशा गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात हे पक्कं माहीत झालेलं आहे, पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. तो कागद मात्र भिंतीवर नव्हता.

चाकण

बुधवारी सुनेला भेटायला चाकणला गेले. रेखा तिचं नाव, वायरिंगच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, कायम फर्स्ट शिफ्ट. तळेगाव चौकातल्या वाहतुकीबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. एवढंच सांगते की माझ्या रिक्षावाल्यानं मधे उतरून वडापाव आणला, खाल्ला, मला अर्धा दिला, आणि आम्ही होतो तिथंच होतो. वडा मात्र चांगला होता, बरोबर तळलेली मिरची आणि चिरलेला कांदा, आणि चाकणात कांद्याला कुणी हात आखडत नाही.

मग मी चुकीच्या गेटवर उभी राहिले. कारखान्याला माणसांचं गेट वेगळं आणि मालाचं वेगळं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मालाच्या गेटवरच्या रखवालदारानं मला अर्धा तास उन्हात उभं केलं आणि मग विचारलं, "मावशी, माल कुठाय तुमचा?"

रेखा सापडली तेव्हा कंपनीची बस सुटायला आली होती. ती एका पायावर उभी राहून बोलली.

"मॅडम, घरी ते काहीच करनात. मागच्या आठवड्यात अण्णा घरीच होते की. निवांत टीव्ही बघायलेत. तुमच्या तिथंच का चिडायलेत, ते तुम्ही सांगा मला."

"केंद्रातले म्हणतात, तुम्ही खोटं सांगता."

"आन् मी म्हणते, ते मारतात त्यांना." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला तिनं वेळ घालवला नाही. "नाव काढलं तर मी काम सोडायचं का? आमच्या दोघांवर घर चाललंय, मॅडम. मागं एकदा बाहेरून कडी लावून गेले होते. आले तर गॅस सुरू, आन् अण्णा समोर बसलेले, बघत. वास कसा आला न्हाई कुणाला. पुन्हा कडी लावायची न्हाई मला."

बसमधून कुणीतरी हाक मारली. ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "उद्या गुरुवारय. सुट्टी आहे. घरी या, जेवायलाच या."

परतीच्या वाटेवर मी दोन्ही पक्षांवर चिडले होते. एक म्हणतो तिथं चिडतो, दुसरा म्हणतो इथं शांत असतो, आणि दोघांनीही त्यातून एवढंच काढलं की समोरचा लबाड आहे.

रुपीनगर

या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आणि गुरुवारी बऱ्याच घरांत मटण चालत नाही. म्हणजे ज्या दिवशी घरात सगळे असतात, निवांत रस्सा करता येईल, त्याच दिवशी करायचा नाही. मी रेखाच्या नवऱ्याला, संतोषला, म्हटलं की हे तर फारच झालं. तो म्हणाला, "सवय होते. रविवारी शिफ्टवरून आल्यावर खातो." तोही कंपनीत, पण त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रेखानं धपाटे केले होते, वर घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे थालीपीठ करतात, त्याला जाडी फार. धपाटा हातावर थापून पातळ, कडेनं खरपूस. मी चार खाल्ले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या कपाळावरची आठी गेली.

अण्णाही आमच्याबरोबर जेवले. मग आडवे झाले. आणि तीनच्या सुमारास उठून दाराशी गेले.

"आला का?"

रेखा आणि संतोष एकमेकांकडे बघायला लागले. "गुरुवारी करतात असं कधीकधी," रेखा ओशाळून म्हणाली. "आम्ही दोघं घरी असलो की लाडात येतात, असं वाटायचं."

"मागच्या गुरुवारी?"

"तेव्हापण. पण बाकी आठवडाभर न्हाई केलं. देवाशप्पथ."

तेव्हा मला माझ्याच पुस्तिकेतलं वाक्य आठवलं, आणि चार दिवस ते न वापरल्याबद्दल माझ्यावरच मी भडकले. माणूस कधी चिडतो हे सगळे विचारतात. कधी चिडत नाही, हेही विचारा.

"मागच्या आठवड्यात या वेळी घरात काय चाललेलं असायचं?"

"काय चालणार? यांची सेकंड होती. सकाळी हे घरी, म्हणून अण्णांना तिकडं धाडलं नव्हतं. अडीचला हे निघायचे, मी येईपर्यंत शेजारच्या काकू बसायच्या."

"आणि निघताना?"

संतोष म्हणाला, "काय नाय. डबा घ्यायचा, बूट घालायचे, अण्णा येतो म्हणायचं."

"अण्णा काय म्हणायचे?"

"असंच बडबडायचे. दोन नंबर बघ म्हणायचे. रोज तेच. मी हो म्हणायचो, मग गप बसायचे."

"दोन नंबर म्हणजे?"

"भट्टी असंल," संतोष म्हणाला. "भट्टीवरच होते ना ते, रिटायर होईपर्यंत."

चार दिवसांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. भट्टीवरच्या माणसाच्या हातात आम्ही सूप दिलं होतं.

दाराशी अण्णांचा आवाज चढत होता. मी संतोषला म्हटलं, बूट घाल, डबा घे, बाहेर पड. त्याला वाटलं बाईंचं बिनसलंय. पण गेला. "अण्णा, येतो." अण्णांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. "दोन नंबर बघ," म्हणाले, आणि येऊन पुन्हा आडवे झाले. संतोष बिचारा रिकामा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसला. सुट्टीच्या दिवशी त्याला मी शिफ्टवर पाठवलं.

पुन्हा तळवडे

शुक्रवारी बोरसे साहेबांना हे सांगितलं. ते लॅमिनेशनच्या मशीनपाशी उभे होते. मी 'दोन नंबर बघ' म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"रिलिव्हर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"भट्टी बंद नसते होत मॅडम. पुढच्या शिफ्टचा माणूस, रिलिव्हर, तो आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही. चार्ज द्यायचा, काय चाललंय काय बिघडलंय ते सांगायचं, मगच हात धुवायचे. सोडून गेला तर माल जळतो, माणूसही जळतो. आमच्याकडे अशा एकाला मी स्वतः..." ते खुर्चीवर बसले. "ते घरी जायचं म्हणत नाहीयेत. ते जाऊ शकत नाहीयेत. रिलिव्हर आला का, असं विचारतायत."

मला या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. "साहेब, तुमचं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं. तुम्हाला हे आजवर कसं दिसलं नाही?"

त्यांनी बसल्या बसल्या मशीनचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "इथं मी संशोधन वापरत होतो ना."

यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळलं नाही. संशोधन तरी काय सांगत होतं? हेच, की त्या माणसाला काय हवंय ते शोधा. ते सगळ्यांत आधी स्वतःला ठाऊक असेल तिथं शोधायचं असतं, हे लिहायचं आमच्याकडून राहिलं.

तीनला पहिल्यांदा मंदाताई पुढे झाल्या. "अण्णा, मी आलेय. जावा तुमी."

अण्णा म्हणाले, "भट्टीवर बाई?" आणि जाळी धरली.

"न्हाई जमत बाई मला," म्हणून मंदाताई मागं सरल्या. तेव्हा बोरसे साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, बाह्या दुमडल्या, आणि दारातून आत आले, म्हणजे आधी बाहेर गेले आणि मग आत आले.

"काय अण्णा. द्या चार्ज."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. खांदे खाली आले. खिशातला रुमाल काढून त्यांनी साहेबांच्या हातात दिला. "एक नंबर बरी आहे. दोन नंबर जरा जास्त तापायली, बघा." मग नळावर गेले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखांच्या कडा घासल्या, आणि चहा मागितला. फळ्यावर गुरुवारचा एक तसाच होता. त्याचा दोन करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी घरी आनंदात आले असते. पण शनिवारी सकाळी केंद्रात गेले तर भिंतीवर नवा कागद. 'चार्ज हस्तांतरण. वेळ तीन. सर्वांसाठी.' साहेबांनी रात्रीतून करून आणला होता.

"सर्वांसाठी?" मी म्हटलं.

"सक्सेसफुल आहे मॅडम. मग सगळ्यांना लागू करायला नको? सकाळीच एक ट्रायल घेऊ."

मी काही बोलायच्या आत ते गंगूआजींपुढे जाऊन उभे राहिले. "आजी, मी आलोय. चार्ज द्या."

गंगूआजींनी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. "आन् काय दिऊ?" त्या म्हणाल्या. "सुनंनं कवाच घेतला." आणि पोकळ जात्याचा खुंटा धरून बसून राहिल्या.

साहेब लाल झाले. पण कागद काढला नाही.

दुपारी विश्वस्तांची बैठक सुरू झाली. काचेच्या खोलीत चौघं विश्वस्त, समोसे, आणि बोरसे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. रेखा अर्धी शिफ्ट टाकून आली होती, बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसलेली. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. आत अध्यक्ष विचारत होते की एक दिवस शांत राहिले म्हणून काय झालं, खात्री कोण देणार, आणि साहेब सातत्य, पद्धत, प्रमाणीकरण असे शब्द वापरत होते. मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून गेले होते.

काचेपलीकडे अण्णा उठले. हॉलला फेरी मारली. बटणांपाशी थांबले. जाळीपाशी गेले. रेखा उभी राहिली आणि पुन्हा बसली. काय करायचं तिला कळेना.

साहेब सातत्याचे फायदे सांगत होते.

"बोरसे," मी म्हटलं. साहेब म्हणायचं राहूनच गेलं. "तुमची शिफ्ट सुरू झाली. माणूस खोळंबलाय."

ते अर्ध्या वाक्यावर थांबले. काचेतून बाहेर बघितलं. आणि मग त्या माणसानं, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचा उशीर टिपला होता, हातातला रिमोट समोशांच्या ताटात ठेवला आणि तो पळत सुटला. पिवळे पट्टे तुडवत, मागच्या दारानं बाहेर, वळसा घालून पुढच्या दारातून आत. विश्वस्त उठून काचेपाशी आले.

"चुकलं अण्णा," साहेब धापा टाकत म्हणाले. "उशीर झाला."

अण्णांची जाळीवरची मूठ सुटली. त्यांनी मनगटाकडे बघितलं, तिथं घड्याळ नव्हतं. मग रुमाल काढला, पण लगेच दिला नाही.

"रोज उशीर करता राव तुम्ही," अण्णा म्हणाले. "इथं माणूस थांबलेला असतो."

साहेबांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात पुढे केले. अण्णांनी रुमाल त्यांच्या हातात ठेवला, दोन नंबरचं सांगितलं, आणि हात धुवायला निघाले. वाटेत बाकावर रेखा दिसली तसे थांबले. "तुझी सुटली का शिफ्ट?" त्यांनी विचारलं.

"सुटली अण्णा," रेखा म्हणाली.

अध्यक्षांनी काचेवरून हात काढला. "हे रोज तीनला कोण करणार?" त्यांनी मला विचारलं. मी बोरसे साहेबांकडे बोट दाखवलं. ते अजून रुमाल हातात धरून, भट्टी नसलेल्या जागी उभे होते. अण्णांचे हात धुऊन होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.